मिंट २१ टाकल्यापासून प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झवरच का अडकतो?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्ह्याजवळच्या गावात सेकंडहँड डेस्कटॉप, इंटेलचा आय-५ ३४७० प्रोसेसर, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट. २० होतं तोवर बरं चाललं. २१ टाकलं आणि सातबाऱ्याची साइट उघडायलाही मशीन कण्हायला लागलं, वेग १.६ गिगाहर्ट्झच्या वर जातच नाही. गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरनं किती वेगानं धावायचं ते ठरवणारा नियम, 'पॉवरसेव्ह' दिसतो, पण इंटेलवर तेच बरोबर असतं असं तुम्ही वाचलंय. आणि या उन्हात कायम वरचा वेग मागणारा 'परफॉर्मन्स' लावावं की नाही, ही धास्ती.

वाचलं ते खोटं नाही, जुनं आहे. मिंट २० सोबत ५.४ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, यायचं. त्यात 'इंटेल पीस्टेट' ड्रायव्हर स्वतःच कारभार पाहायचा आणि त्याच्या हाताखाली पॉवरसेव्ह म्हणजे काम पडलं की वेग वाढव, संपलं की उतरव. २०२० मध्ये ५.७ कर्नलपासून नियम बदलला: ज्या प्रोसेसरमध्ये स्वतःचा वेग स्वतः ठरवायची सोय नाही, म्हणजे सहाव्या पिढीच्या आधीचे सगळे, तिथं हा ड्रायव्हर आता मागं बसतो आणि निर्णय कर्नलच्या सर्वसाधारण गव्हर्नरवर सोडतो. तुमचा ३४७० तिसऱ्या पिढीचा. आणि सर्वसाधारण पॉवरसेव्ह एकच काम करतो, सगळ्यात खालच्या वेगावर खुंटी मारून ठेवतो. तुमच्या चिपचा खालचा वेग १.६ आहे. मिंट २१ मध्ये ५.१५ कर्नल, तेव्हा हिशेब जुळतो.

खात्री करून घ्या. नावं मी देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायची. '/सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयू०/सीपीयूफ्रेक' या फोल्डरात 'स्केलिंग_ड्रायव्हर' नावाची फाइल आहे, ती टर्मिनलमध्ये 'कॅट' या आज्ञेनं वाचा. 'इंटेल_सीपीयूफ्रेक' आलं तर मी म्हणतो तेच. 'स्केलिंग_अव्हेलेबल_गव्हर्नर्स' वाचलं तर आणखी स्पष्ट होतं: तिथं फक्त परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह अशी दोनच नावं असतील तर जुनी पद्धत चालू आहे, सोबत 'शेडयुटिल', 'ऑनडिमांड' वगैरे दिसले तर नवी. त्याच फोल्डरात 'स्केलिंग_मॅक्स_फ्रेक'ही बघा. आकडा किलोहर्ट्झमध्ये असतो. तिथंच १६००००० लिहिलेलं असेल तर गव्हर्नर कितीही बदला, उपयोग नाही.

आता पॉवरसेव्ह आला कुठून? मिंट २१ आपणहून शेडयुटिल देतं, म्हणजे कामाच्या भाराप्रमाणे वेग वर-खाली करणारा गव्हर्नर. म्हणजे आधीच्या मालकानं, नाहीतर मशीन विकणाऱ्यानं कधीतरी ते लिहून ठेवलंय, आणि जुन्या कर्नलवर त्याचा त्रास कोणाला जाणवला नाही. '/इटीसी/डिफॉल्ट/सीपीयूफ्रेकयुटिल्स' ही फाइल उघडा, 'गव्हर्नर' समोर पॉवरसेव्ह सापडण्याची शक्यता मोठी. ती नसेल तर टीएलपी हे वीज वाचवणारं सॉफ्टवेअर टाकलंय का बघा, त्याच्या सेटिंगमध्येही तशी ओळ असते. (डेस्कटॉपवर टीएलपी कशाला हवं, मला कधी कळलं नाही. ते लॅपटॉपसाठी आहे, काढूनच टाका.) पॉवरसेव्हच्या जागी शेडयुटिल लिहा आणि मशीन रीस्टार्ट करा.

मग तपासणी. नुसतं बसलेलं मशीन १.६ दाखवेल, त्यात काही बिघाड नाही. चार टर्मिनल उघडून चारही ठिकाणी 'यस' ही आज्ञा चालवा, आउटपुट '/देव/नल'कडे वळवा, आणि पाचव्यात वेग बघा. ३.२ च्या वर गेला पाहिजे. चारपैकी एकट्या कोअरवर (प्रोसेसरच्या एका भागावर) काम असेल तर ही चिप ३.६ पर्यंत जाते.

परफॉर्मन्स लावलं म्हणून मशीन रिकामं असतानाही भट्टी पेटत नाही. काम नसलेला कोअर झोपतो, त्याचा गव्हर्नरशी संबंध नाही. पण शेडयुटिल असताना त्याची गरजही नाही. खरी अडचण वेगळी आहे: १.६ वर अडकलेलं मशीन थंड राहत होतं, आता ते पूर्ण जोरानं धावेल आणि उन्हाळा आपला आहे. खोलीच ४२ वर असेल तर पंखा तीच हवा फेकणार. '/सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयू०/थर्मल_थ्रॉटल' मध्ये 'कोअर_थ्रॉटल_काउंट' आहे. दुपारी काम करताना तो आकडा वाढत गेला तर समजा, प्रोसेसर तापून स्वतःच वेग कापतोय. तिथं सेटिंग कामाचं नाही, कॅबिनेट उघडा.

आमच्या आर्वीकडं उघडलेल्या कॅबिनेटमध्ये हीटसिंकच्या पात्यांवर कापसाचं बारीक तूस धुळीत मिसळून नमद्यासारखं बसलेलं असतं. वरून फुंकर मारून ते निघत नाही, पंखा सोडवून ब्रशनंच काढावं लागतं. इंटेलच्या कूलरला चार पिना असतात. एसटीच्या डिकीतून आलेल्या मशीनची एखादी उचकलेली निघते आणि कूलर एका कोपऱ्यात तरंगतो. चारही दाबून बघा. कूलर एकदा उचललाच तर प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहणारी पेस्ट नवी लावा. आणि हवेचा कूलर थेट कॅबिनेटवर लावू नका, ओली हवा त्याच धुळीचा चिखल करते.

तेवढं करूनही मे महिन्यात आकडा वाढतच असेल तर टर्बो, म्हणजे ३.२ च्या वर धावण्याची सोय, बंद करा: 'सीपीयू' फोल्डरातल्या 'इंटेल_पीस्टेट' मध्ये 'नो_टर्बो' फाइल आहे, तिच्यात रूट (मशीनचे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून १ लिहा. वेग ३.२ वर थांबेल, सातबाऱ्याला तेवढा भरपूर झाला, इन्व्हर्टरवरचा भारही थोडा हलका होतो. रीस्टार्ट केल्यावर हे पुसलं जातं, म्हणून पाऊस लागला की वेगळं काही करायची गरज नाही.