पहिल्यांदाच तुकडी घेऊन निघताना

माहुली किल्ल्यावर वीस जणांना नेण्यापूर्वी प्रथमोपचाराच्या पेटीत काय असावे, असे आपण विचारले आहे. परंतु पेटीच्या आधी हात तयार असावे लागतात. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्ससारख्या संस्थेचा वर्ग करावा आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल छाती दाबण्याचा (हृदय बंद पडल्यास करायचा सीपीआर) सराव पुतळ्यावर घाम फुटेपर्यंत करावा.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक मी स्वतः केली आहे. शिडीच्या खाली एकाचा घोटा मुरगळला, मी गुडघे टेकून क्रेप बँडेज गुंडाळत बसलो आणि मान वर केली तेव्हा तिघे पुढे निघून गेले होते. नेत्याने पट्टी दुसऱ्याच्या हाती द्यावी, आपण उभे राहून माणसे मोजावीत.

याखेरीज आरंभी एवढेच सांभाळावे:

- सर्पदंशात दोरी आवळू नये, चिरा देऊ नये. अंगठ्या-बांगड्या उतरवून, दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला उचलून न्यावे.
- उन्हात कोणी बरळू लागल्यास पाणी पाजण्याच्या खटपटीत न पडता सावलीत अंग भिजवून वारा घालावा.
- १०८ ला फोन लागेल अशा जागा चढतानाच हेरून ठेवाव्यात. (माहुलीजवळचे आसनगाव रेल्वे स्थानक सुटल्यावर हे कोणाच्या ध्यानात राहत नाही.)

स्ट्रेचर बांधणे, दोराने उतरवणे हे पुढच्या वर्षी पाहू.