आधी नाणं वाच

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझ्या नाण्याचे फोटो मिळाले. विकणाऱ्याने पाकिटावर ‘अतिदुर्मीळ रोमन’ असं लिहून दिल्यावर कुणीही हरखून जाईल. पण त्या चिठ्ठीकडे तूर्तास काणाडोळा कर आणि भिंग काढ.

मागच्या बाजूला दोन सैनिक, मध्ये एक ध्वजदंड, भोवती ‘ग्लोरिया एक्सेर्कितुस’, म्हणजे सैन्याचा गौरव. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांनी इ.स. 330 पासून दहाएक वर्षं हा छाप इतका पाडला की आजही तो पैशाला पासरी मिळतो. सुरुवातीला मध्ये दोन ध्वज असत. 335च्या सुमारास नाणं हलकं झालं आणि एकच ध्वज उरला. तुझ्या नाण्यावर एकच आहे, तेव्हा काळ बराचसा ठरला.

आता दर्शनी बाजू. नाण्यावरचा लेख, म्हणजे कडेने कोरलेली अक्षरं, बहुतेक वेळा डावीकडे खालून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातो. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ दिसेल, गोंधळू नकोस. ‘कॉन्स्टंटिनुस’नंतर ‘मॅक्स ऑग’ असेल तर थोरला कॉन्स्टंटाइन, ‘युन नोब सी’ असेल तर त्याच नावाचा मुलगा. तुझ्या फोटोत नेमका हाच भाग सावलीत गेलाय. तिथे ‘डेल्मातियुस’ असं नाव निघालं, तर रात्री बारालासुद्धा फोन कर! हा कॉन्स्टंटाइनचा पुतण्या. 335 मध्ये त्याला सीझर, म्हणजे धाकटा सहसम्राट, केलं आणि 337 मध्ये मारलं. त्याची नाणी मोजकी. सैनिक तेच, ध्वज तोच. फरक काय तो पुढच्या बाजूच्या अक्षरांत.

सैनिकांच्या पायाखालच्या रेघेखाली जी बारीक अक्षरं आहेत, ती टांकसाळीची. ‘एस एम ए एन’ दिसलं तर अँटिऑक शहराची टांकसाळ. त्याच्या पुढचं अक्षर तिथल्या कारखान्याचं. राजा, छाप, टांकसाळ हे तिन्ही जुळल्याशिवाय कॅटलॉग उघडून काही हाती लागत नाही.

कॅटलॉग म्हणजे ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’; सगळे ‘आरआयसी’ म्हणतात. त्यात सामान्य नाण्यापुढे ‘सी’ असतं आणि ‘आर-पाच’ म्हणजे एकुलतं एक. विक्रेते हे ‘आर-पाच’ नाचवतात. पण संपादकाला त्या वेळी जे संग्रह पाहता आले, त्यांवरून ही अक्षरं ठरली. या मालेचा पहिला खंड 1923चा. त्यानंतर मेटल डिटेक्टर आले आणि दफिनेच्या दफिने, म्हणजे जमिनीत पुरलेले नाण्यांचे साठे, वर निघाले. 2010 मध्ये इंग्लंडात फ्रोमला एकाच रांजणात 52,503 नाणी मिळाली. असा एक रांजण निघाला की कित्येक ‘दुर्मीळ’ छाप जमिनीवर येतात.

उलटंही होतं. 1900 मध्ये फ्रान्समध्ये डोमिशियानुस नावाच्या कुणा सम्राटाचं एक नाणं सापडलं होतं. असा सम्राट कुणाला फारसा ठाऊक नव्हता, म्हणून अनेकांनी ते बनावट ठरवून बाजूला टाकलं. 2003 मध्ये ऑक्सफर्डशरच्या चालग्रोव्हला मडक्यात चिकटून बसलेल्या जवळपास पाच हजार नाण्यांत त्याचं दुसरं नाणं निघालं, आणि दोन्ही एकाच ठशांवरची! 271च्या सुमारास काही काळ गादी बळकावलेला माणूस त्या दोन तुकड्यांमुळे इतिहासात बसला.

आणि भावावरून दुर्मीळता ताडू नकोस. सम्राट टायबेरिअसचं ‘पोंटिफ मॅक्सिम’ लेखाचं चांदीचं देनारिअस मुबलक आहे. आपल्या दक्षिणेकडच्या दफिन्यांतही, कोइम्बतूरच्या बाजूला, ते निघालंय. पण बायबलमध्ये येशू ज्या नाण्यावरून ‘सीझरचं सीझरला द्या’ म्हणतो ते हेच, अशी समजूत असल्याने भाव चढाच. याउलट एखाद्या आडवळणाच्या टांकसाळखुणेचं जगात एकच नाणं असेल, आणि त्याला गिऱ्हाईक दोघंसुद्धा नसतील.

खोट्याबद्दल एकच सांगतो. सम्राट ओथोने इ.स. 69 मध्ये जेमतेम तीन महिने राज्य केलं. रोमच्या टांकसाळीने त्याची सोन्या-चांदीची नाणी पाडली, तांब्या-पितळेची नाही. म्हणून लॅटिन लेखाचं, रोमचं म्हणून कुणी ओथोचं मोठं पितळी नाणं दाखवलं, तर ते कितीही देखणं असो, पुढे चालू लाग. सोळाव्या शतकात पाडुआच्या जोव्हान्नी दा काव्हिनोने रोमन नाण्यांच्या अशा सुरेख नकला केल्या की त्यांचेच आज वेगळे संग्राहक आहेत.

विकणारा ‘शेतात सापडलं’ म्हणत असेल तर तिथूनच परत फीर. जमिनीत सापडलेल्या दफिन्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. 1878 चा कायदा आहे. पावती मागायला लाजू नकोस.

आता काम. सोनाराच्या काट्यावर नाणं तोल. दीड ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. कडेचा फोटो काढ, ओतीव नाण्याची शिवण तिथेच दिसते. आणि पुढच्या बाजूचा फोटो खिडकीपाशी, उजेड तिरका पडेल असा. घासूनपुसून चकचकीत मात्र करू नकोस.

तुझा,
काका

ता.क. लेख वाचून झाला की अमेरिकन न्युमिझमॅटिक सोसायटीच्या ‘ओक्रे’ या फुकट संकेतस्थळावर तो शोध. तुझं उत्तर आधी कळव, मग मी माझं सांगतो.