हात बसू दे

सप्रेम आशीर्वाद.

परवा तू तुझी निकॉनची डी-७५० ही बॉडी आणि तिन्ही लेन्स विकून दुसऱ्या कंपनीचा मिररलेस (आत आरसा नसलेला) संच घ्यावा का, असे विचारलेस, तेव्हा मी धड उत्तर दिले नाही. भोवती बसलेल्या मंडळींपैकी बरेच जण नुकतेच संच बदलून आले होते आणि त्यांच्यासमोर वाद घालण्याची माझी इच्छा नव्हती. म्हणून आता लिहितो. विकू नकोस. तुझा हात आत्ता कुठे त्या कॅमेऱ्यावर बसू लागला आहे.

मी निकॉन सोडत नाही याला तुम्ही सगळे हट्ट म्हणता. म्हणा. पण या हट्टामागे एक हिशेब आहे. निकॉनने १९५९ साली ‘निकॉन एफ’ कॅमेऱ्यासोबत जो माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे अडकते ती बैठक, आणला, तोच पुढे पिढ्यान् पिढ्या चालवला. १९७७ साली ‘एआय’ पद्धतीच्या लेन्स आल्या. त्यातली एखादी जुन्या बाजारातून आणून तू आज तुझ्या डी-७५० वर लावलीस, तर फोकस हाताने करावा लागेल, पण उजेड मोजणारा मीटर चालेल. याउलट कॅननने १९८७ साली ईओएस मालिका आणली तेव्हा आपला जुना एफडी माउंट सोडून दिला. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४२ मिलिमीटरचे ४४ झाले आणि त्या दोन मिलिमीटरपायी जुनी लेन्स नव्या बॉडीवर, मध्ये काचेचा अडॅप्टर घातल्याशिवाय, दूरवरचे दृश्य स्पष्ट दाखवीनाशी झाली. तांत्रिकदृष्ट्या कॅननचा निर्णय बरोबर होता, हे मी मान्य करतो. माउंटचे ५४ मिलिमीटर रुंद तोंड आणि प्रत्येक लेन्समध्ये स्वतंत्र मोटर यांच्या जोरावर त्यांनी पुढे क्रीडा छायाचित्रणाचे मैदान मारले. निकॉनचे तोंड ४४ मिलिमीटरचेच राहिले आणि त्याची किंमत निकॉनने मोजली. तरीही माझ्यासारख्या, एकेक लेन्स पैसे साठवून घेणाऱ्या माणसाला निकॉनने पाटी कोरी करायला लावले नाही, आणि त्यामुळेच माझा हात बसला.

तू म्हणशील की कॅमेरा शेवटी कॅमेराच, चार दिवसांत सवय होते. होत नाही. एका वर्षी वाखरीच्या अलीकडे, बाजीरावाच्या विहिरीजवळ, रिंगणाच्या ऐन तोंडावर माझ्या बॉडीचे शटर अडकले आणि एका सहकाऱ्याने मोठ्या मनाने आपला दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा माझ्या हातात दिला. उत्तम कॅमेरा होता. माउलींचा अश्व वळणावरून आला, टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी माणसे वाकण्याच्या तयारीत होती, आणि मी अश्व जवळ घ्यायला झूमची कडी फिरवली तर तो लांब गेला, कारण त्या कंपनीची कडी उलट्या दिशेने फिरते. माझ्या डोक्याला ते ठाऊक होते, मनगटाला नव्हते. मी कडी पुन्हा उलटी फिरवेपर्यंत अश्व निघून गेला होता. ती चौकट मला अजून दिसते. कुठल्याही कार्डावर मात्र ती नाही.

तुझ्याही बाबतीत हेच आहे. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना तुझा अंगठा मागची चकती फिरवून शटरचा वेग बदलतो, तर्जनी पुढच्या चकतीवर अ‍ॅपर्चर सांभाळते आणि डाव्या हाताला पडद्याशेजारचे आयएसओचे बटण न पाहता सापडते. गेल्या पालखीत दिवे घाटात मी तुला पाहिले आहे. ढग येऊन उजेड उतरला तेव्हा तू कॅमेरा खाली न करता वेग बदललास. एवढ्यासाठी किती वर्षे गेली, ते आठव. आणि हे सगळे मोडीत काढून पुन्हा ‘कुठले बटण कुठे’ इथपासून आरंभ करायचा, तो कशासाठी? शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या बॉडीला प्राण्याचा डोळा ओळखता येतो म्हणून? हात बसलेला नसेल तर ते यंत्र नेमक्या क्षणी चुकीच्या घोड्याचा डोळा पकडून बसेल.

मी माझ्या कपाटातल्या जुन्या लेन्सचे समर्थन करतो आहे, असे तुला वाटत असेल, तर काही अंशी ते खरे आहे. २०१८ साली निकॉननेही मिररलेससाठी नवा झेड माउंट आणला, आणि माझ्या आवडत्या एएफ-डी लेन्स, ज्यांत स्वतःची मोटर नसते, त्यावर जुन्या लेन्स बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस करत नाहीत. मला त्याचे वाईट वाटले. पण त्या लेन्स त्यावर बसतात, मीटर चालतो, कड्या त्याच दिशेने फिरतात. तुझ्या तिन्ही लेन्स तर एएफ-एस, म्हणजे आत मोटर असलेल्या, आहेत. त्यांचा ऑटोफोकससुद्धा चालेल. म्हणजे उद्या मिररलेस घ्यावाच लागला, तरी एक बॉडी आणि एक अडॅप्टर एवढ्यावर भागेल.

तोवर बाजारात जुन्या संचाला काय भाव मिळतो, याची चौकशी बंद कर. तुझा कॅमेरा जे टिपू शकत नाही असे एखादे दृश्य तुला खरोखर वारंवार दिसत असेल, तर त्या चौकटी घेऊन माझ्याकडे ये. आपण एकेक समोर ठेवून पाहू आणि अडथळा कॅमेऱ्याचाच निघाला, तर बॉडी निवडायला मी स्वतः तुझ्याबरोबर येईन. त्याआधी पावसाळ्यापूर्वी बॉडी सर्व्हिसिंगला दे, लेन्समध्ये बुरशी धरू नये म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल बदल, आणि उरलेल्या पैशांत या वर्षी आळंदी ते पंढरपूर पूर्ण चाल.