दानगुनची कोरियन कथा टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये कशी वापरावी?

कोरियाचं पहिलं राज्य स्थापणाऱ्या, दंतकथेतल्या दानगुन राजापासून सुरुवात करू नका, खरी गंमत गुहेत आहे. १३व्या शतकातल्या 'सामगुक युसा' ग्रंथानुसार एका गुहेत राहणाऱ्या अस्वल आणि वाघाला माणूस व्हायचं होतं. देवपुत्र ह्वानुंगने त्यांना दवण्याच्या जातीची कडू वनस्पती आणि लसणाच्या २० पाकळ्या दिल्या. १०० दिवस ऊन बघायचं नाही, असं बजावलं. अस्वलाची २१ दिवसांत बाई झाली, तीच पुढे दानगुनची आई. वाघाला मात्र धीर निघाला नाही.

त्याचं पुढे काय झालं, ते कथेत नाही. गेम मास्टरसाठी, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्यासाठी, हीच सोन्यासारखी जागा! खेळाडूंना तो वाघच भेटू द्या: पुन्हा गुहेत बसायला तयार, पण सोबत मागणारा. मग रोज एकदा फासे टाकायचे: भूक, अंधार, बाहेरून येणारे आवाज. दानगुनला मारायचा राक्षस मात्र करू नका. त्याच्या राज्यस्थापनेची दक्षिण कोरियात ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते.