डिझायनर स्वतःचंच जुनं काम पुन्हा नव्यानं कसं करतात? एखादं ठोस उदाहरण?

मार्टिन मार्जेला. १९९७ मध्ये रॉटरडॅमच्या बॉयमान्स फान ब्यूनिंगेन संग्रहालयासाठी या बेल्जियन डिझायनरनं आपल्या आधीच्या १८ कलेक्शनमधला एकेक पेहराव पांढऱ्या-फिकट छटांत पुन्हा शिवला. मग सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या मदतीनं कपडे अगारमध्ये (जिवाणू वाढवण्यासाठी वापरतात त्या जेलीसारख्या पदार्थात) भिजवून त्यांवर जिवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडली. प्रदर्शनाचं नाव ९/४/१६१५. त्यातले ४ म्हणजे वाढीचे दिवस, १६१५ म्हणजे प्रदर्शनाचे तास. कपडे घातलेले पुतळे बाहेर उघड्यावर, प्रेक्षक काचेच्या आत! मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते ती पांढरं कापड: मूळ रंग गेला, उरली फक्त बेतणी, आणि बुरशीच्या छटा त्यावर लख्ख उठल्या.

तुम्ही करून बघणार असाल तर बेतणी तीच ठेवा, कापड बदला. इथेच बहुतेकांचं फसतं. पॉपलिनचा (ताठसर सुती कापडाचा) पॅटर्न क्रेपवर (मऊ, झुळझुळीत कापडावर) कापला की कापड लोंबतं, खांदा उतरतो. म्हणून आधी मांजरपाटाऐवजी नव्या कापडाच्याच वजनाच्या स्वस्त कापडात नमुना शिवा. उरेब (धाग्यांना तिरक्या) कापाचा कपडा २४ तास टांगून मगच खालची पट्टी दुमडा, नाहीतर घेर वाकडा येतो.