संवर्धन वित्तात करिअर: एमबीएचा फॉर्म भरण्याआधी एक मॉडेल बांधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालंय, तीन वर्षं एका संस्थेत अधिवास-पुनर्स्थापनेचं काम केलंय, आता संवर्धन वित्तात, म्हणजे निसर्ग राखण्यासाठी पैसा उभा करण्याच्या क्षेत्रात, यायचंय. एमबीए करावं, सीएफए (गुंतवणूक विश्लेषकांची तीन पातळ्यांची परीक्षा) द्यावी की एखादा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स पुरेल?

यातलं काहीच लगेच करू नका. आधी सहा महिने रोकडप्रवाहाचं मॉडेल, म्हणजे कोणत्या वर्षी किती पैसा येतो-जातो याचा तक्ता, बांधायला आणि करार वाचायला शिका. मग पदवी लागेल की नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल. माझ्या मते निम्म्या लोकांना ती लागत नाही.

देणग्या मिळवणं हा या क्षेत्राचा एक कोपरा झाला. बाकी सगळं काम करार रचण्याचं आहे. जंगल, पाणथळ जागा किंवा प्रवाळ टिकला तर कुणाचा पैसा वाचतो, तो त्यातला किती द्यायला तयार होईल, कधी देईल, आणि ठरलेलं घडलं नाही तर नुकसान कुणाच्या माथी? या चार प्रश्नांना आकड्यांत उत्तर देता आलं की तुम्ही या क्षेत्रात आलातच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे इथे रोज आठवावं लागतं. कितीतरी सुंदर प्रस्तावांत पैसे देणाराच नसतो.

पैसे देणारे कोण, याचे मासले बघा. कायद्याने बांधलेला विकासक: इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक नव्या बांधकामांना जैवविविधतेत किमान १० टक्के वाढ दाखवावी लागते आणि ती ३० वर्षं टिकवावी लागते. ज्याचा खर्च वाचतो असा: न्यूयॉर्क शहराने १९९७ च्या करारानुसार कॅट्सकिल डोंगरातलं पाणलोट राखण्यावर पैसे घातले, कारण गाळणी प्रकल्पाचा खर्च अब्जावधी डॉलरचा होता. कर लावणारं सरकार: कोस्टा रिकाने १९९६ च्या वनकायद्यानंतर इंधनकराचा काही भाग जंगल राखणाऱ्या जमीनमालकांकडे वळवला. कर्जाखाली दबलेलं सरकार: बेलीझने २०२१ मध्ये ५५.३ कोटी डॉलरचे रोखे डॉलरमागे ५५ सेंट देऊन परत घेतले. त्यासाठी ३६.४ कोटींचं नवं कर्ज उभं केलं आणि बदल्यात ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणण्याचं वचन दिलं. आणि विमा: मेक्सिकोच्या किंताना रू राज्यातल्या प्रवाळांचा वाऱ्याच्या वेगावर आधारलेला विमा उतरवला होता. ऑक्टोबर २०२० च्या डेल्टा चक्रीवादळानंतर त्यातून सुमारे साडेआठ लाख डॉलर मिळाले.

यात सगळ्यात भरवशाचा म्हणजे कायद्याने बांधलेला ग्राहक. सगळ्यात बेभरवशाचा, कंपनीच्या चांगुलपणावर चालणारा ऐच्छिक क्रेडिटचा बाजार (क्रेडिट म्हणजे वाचवलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र). नवखे मात्र नेमके त्यातच आधी शिरतात, कारण चर्चा त्याचीच जास्त असते.

सुरुवात एकाच साधनापासून करा, आणि ते स्क्रूपर्यंत उघडून बघा. माझी पसंती वर्ल्ड बँकेच्या ‘गेंडा बाँड’ला, कारण त्याचे तपशील जाहीर आहेत. मार्च २०२२, १५ कोटी डॉलर, मुदत ५ वर्षं. गुंतवणूकदार दर १०० डॉलरच्या रोख्याला ९४.८४ डॉलर देतो आणि मुदत संपल्यावर १०० परत घेतो. दरम्यान त्याला व्याज नाही. व्याजाऐवजी बँक सुमारे एक कोटी डॉलर दक्षिण आफ्रिकेतल्या दोन संरक्षित क्षेत्रांना देते: ॲडो एलिफंट राष्ट्रीय उद्यान आणि ग्रेट फिश रिव्हर अभयारण्य. काळ्या गेंड्यांची संख्या ठरल्याप्रमाणे वाढली, तर जागतिक पर्यावरण सुविधा, म्हणजे जीईएफ, गुंतवणूकदाराला वर जास्तीत जास्त १.३७६ कोटी डॉलर देते.

आता स्प्रेडशीट उघडा. गेंडे वाढलेच नाहीत तर परतावा वर्षाला सुमारे १.०७ टक्के. पूर्ण बक्षीस मिळालं तर १०० ऐवजी १०९.१७ हाती येतात, म्हणजे सुमारे २.८५ टक्के. पुढे विचारा: मुद्दल बुडण्याची जोखीम कुणाची? बँकेची पत उत्तम, म्हणून जवळपास कुणाचीच नाही. उद्यानाला पैसे यशावर अवलंबून मिळतात का? नाही, आधीच मिळतात. मग निकालाची जोखीम कुणी घेतली? गुंतवणूकदाराने, तीही फक्त व्याजापुरती. आणि यशाचं बिल कुणी भरलं? अनुदान देणाऱ्या जीईएफने. ‘खासगी पैसा निसर्गात आला’ या मथळ्यामागे नक्की काय आलं, ते या चार ओळींत उघड होतं. मुलाखतीत हे पाच मिनिटांत सांगता आलं तर समोरचा वही मिटून ऐकतो.

दुसरा टप्पा, स्वतःचं मॉडेल. एक काल्पनिक उदाहरण देतो, आकडे जसेच्या तसे टाकून बघा. २,००० हेक्टर उताराची पुनर्स्थापना, हेक्टरी ४०० डॉलर, म्हणजे ८ लाख, तीन वर्षांत समान वाटून. कायदेशीर आणि रचनेचा खर्च पहिल्या वर्षी दीड लाख. देखभाल वर्षाला ५० हजार, मोजमाप ४० हजार. खाली शहराची पाणीपुरवठा संस्था आहे, गाळ कमी झाल्याने पाचव्या वर्षापासून तिचे वर्षाला २ लाख वाचतील. ती सगळे २ लाख तुम्हाला देणार नाही, तिलाही फायदा दिसायला हवा. १ लाख ४० हजार धरा.

पहिली चूक इथेच होते. लोक ८ लाख गुंतवणूक आणि १ लाख ४० हजार उत्पन्न मांडून ‘सहा वर्षांत वसूल’ लिहितात. पण पहिली चार वर्षं उत्पन्न शून्य असताना ९० हजारांचा वार्षिक खर्च चालूच असतो. एकूण गरज ८ + १.५ + ३.६ = १३ लाख १० हजार. पाचव्या वर्षापासून हातात उरतात ५० हजार. बिनव्याजी धरलं तरी २६ वर्षं. कोणतीही बँक हे कर्ज देणार नाही, आणि देऊही नये.

मग रचना बदला. खालच्या जलविद्युत केंद्रालाही गाळाचा त्रास आहे, तिथून वर्षाला ६० हजार मिळवा. ७ लाखांचं अनुदान आधी खर्च करा, उरलेल्या ६ लाख १० हजारांचं कर्ज ५ टक्क्यांनी दुसऱ्या वर्षापासून लागेल तसं उचला. वर्षाला १ लाख १० हजारांनी ते पाचव्या वर्षापासून सात वर्षांहून थोड्या जास्त काळात फिटतं. आता उत्पन्न दोन वर्षं उशिरा सुरू झालं असं धरा. रोपं जगली नाहीत, एक दुष्काळ पडला, एवढं पुरतं. त्या दोन वर्षांचा चालू खर्चही कर्जातूनच केला तर बाराव्या वर्षाच्या आसपास फिटणारं कर्ज सतराव्या वर्षापर्यंत जातं. दोन वर्षांच्या उशिराला जवळपास पाच वर्षांचा दंड. हा तक्ता म्हणजे तुमचं खरं प्रमाणपत्र. उशीर, जगण्याचं प्रमाण, व्याजदर आणि देणाऱ्याचा वाटा हे चार आकडे वेगळ्या खान्यांत ठेवा, सूत्रांत आकडे कोंबू नका, आणि प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला ते लिहा. तुमचा अर्ज तपासणारे आधी तोच रकाना बघतात.

तुमची तीन वर्षं वाया गेलेली नाहीत, उलट इथेच कामी येतील. रोपं जगण्याचं प्रमाण ७० धरायचं की ४५, हे निव्वळ वित्तातून आलेल्या माणसाला ठाऊक नसतं. तो अहवालातला सर्वांत गोड आकडा उचलतो.

व्यवहार फसतात ते बहुधा या जागी. कार्बन प्रकल्पात बेसलाइन, म्हणजे तुलनेचा मूळ आकडा, फुगवलेली असते: ‘आम्ही नसतो तर इतकं जंगल तुटलं असतं’ हा आकडाच जास्त धरला की क्रेडिट कागदावरच जन्मतात. जानेवारी २०२३ मध्ये वर्षावनांच्या क्रेडिटवर झालेल्या शोधपत्रकारितेने बाजार हादरला तो याच मुद्द्यावर. म्हणून अतिरिक्तता, म्हणजे फायदा प्रकल्पामुळेच झाला का; गळती, म्हणजे तोड शेजारच्या डोंगरावर सरकणं; आणि स्थायित्व, म्हणजे तो फायदा टिकेल का, या तीन शब्दांवर पक्की पकड हवी. दुसरी जागा चलनाची. कर्ज डॉलरमध्ये आणि उत्पन्न स्थानिक चलनात असेल, तर चलन घसरलं की सगळं गणित कोलमडतं. तिसरी, आकार: २० लाखांच्या आणि २ कोटींच्या व्यवहाराला वकिलांचा खर्च फारसा वेगळा येत नाही, म्हणून छोटे व्यवहार एकत्र बांधावे लागतात. चौथी, जमिनीची मालकी आणि तिथल्या लोकांची संमती. ती पूर्वकल्पना देऊन, दबावाशिवाय आणि करारावर सही होण्याआधी घेतलेली हवी. ही जागा कच्ची असेल तर बाकी मॉडेल कितीही सुबक असो, पुढे जाऊ नका.

मोजमापाचा खर्च तर जवळपास सगळेच कमी धरतात.

नोकऱ्यांबद्दल. जाहिरातीत ‘संवर्धन वित्त’ हे शब्द क्वचितच असतात, त्यामुळे त्या नावाने शोधून हाती फार लागत नाही. कामावरून शोधा: प्रकल्प विकास, व्यवहार रचना, ड्यू डिलिजन्स (पैसे घालण्याआधीची कसून तपासणी), परिणाम मोजमाप, निधी व्यवस्थापन. नेचर कन्झर्व्हन्सी या संवर्धन संस्थेचा २०१४ मध्ये सुरू झालेला नेचरव्हेस्ट गट, मिरोव्हासारखे गुंतवणूक व्यवस्थापक, विकास बँका, संवर्धन न्यास निधी (संवर्धनासाठी पैसा सांभाळून वाटणारे न्यास) आणि कार्बन प्रकल्प विकासक यांच्याकडे अशी पदं असतात. जागा कमी आणि अर्ज फार, हे धरून चाला. क्षेत्रकामातून येणाऱ्याला सोपा दरवाजा दोन ठिकाणी आहे: प्रकल्प विकासकाकडे आणि ड्यू डिलिजन्स करणाऱ्या सल्लागार संस्थेत. थेट फंडात गुंतवणूक विश्लेषक म्हणून शिरणं सगळ्यात अवघड, तिथे बँकेतून आलेल्यांशी स्पर्धा असते.

संवर्धन न्यास निधीकडे लोक दुर्लक्ष करतात, ते करू नका. तिथे मूळ निधी न मोडता परताव्यावर चालणारा प्रकार, ठरलेल्या वर्षांत संपवायचा प्रकार आणि दरवर्षी करातून भरला जाणारा प्रकार, तिन्ही शिकायला मिळतात. साधं गणित: ४ टक्के खर्च करायचे असतील तर वर्षाला १० लाखांसाठी अडीच कोटींचा मूळ निधी लागतो. ‘एवढा?’ असा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याने हे गणित स्वतः केलेलं नसतं.

अभ्यासाचा क्रम असा ठेवा. पहिले दोन महिने मूळ लेखाशास्त्र, निव्वळ वर्तमानमूल्य (पुढच्या रकमांची आजची किंमत), अंतर्गत परतावा दर (गुंतवणुकीवर वर्षाला पडणारा टक्का), कर्जफेडीचा तक्ता. पुढचे दोन महिने तीन व्यवहारांची कागदपत्रं, त्यातही टर्म शीट, म्हणजे व्यवहाराच्या मुख्य अटींचा कागद, ओळ न ओळ. शेवटचे दोन महिने स्वतःच्या ओळखीच्या भूभागाचं मॉडेल. नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि परिसंस्था-सेवा, म्हणजे निसर्गाकडून मिळणारे पाणी-मातीसारखे फायदे, मोजण्यासाठी इनव्हेस्ट, ही दोन्ही संगणकीय साधनं फुकट आहेत. नकाशा आणि त्या सेवांचा अंदाज त्यांतून काढा, पण इनव्हेस्टचा निकाल थेट उत्पन्न म्हणून मांडू नका. सेवेचं मूल्य आणि कुणीतरी प्रत्यक्ष देणारी रक्कम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या टीएनएफडीच्या, म्हणजे कंपन्यांनी निसर्गाशी निगडित जोखीम कशी जाहीर करावी हे सांगणाऱ्या गटाच्या, शिफारशीही चाळून ठेवा, कंपन्यांच्या बाजूची बरीच कामं त्याभोवती फिरतात.

सीएफएचं म्हणाल तर पहिली पातळी उपयोगी आहे, ती भाषा शिकवते. तिन्ही पातळ्या फंडात जायचं असेल तरच. एमबीए तेव्हा करा, जेव्हा तुमची अडचण ज्ञानाची नसून ओळखींची असेल आणि फी शिष्यवृत्तीतून निघत असेल. सर्टिफिकेट कोर्स शब्दसंग्रहासाठी ठीक, पण त्यावर कुणी नोकरी देत नाही.

अर्जासोबत दोन पानांचं टिपण आणि ती स्प्रेडशीट जोडा. पहिल्या पानावर व्यवहार: कोण, किती, कधी, कशाच्या बदल्यात. दुसऱ्यावर तो कुठे फसू शकतो आणि फसला तर पहिला फटका कुणाला. सगळी जागा यशाने भरलेलं टिपण मी बाजूला ठेवतो. आणि पाठवण्याआधी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, तुटलेल्या दुव्यांमुळे सूत्रांच्या जागी त्रुटीचे संदेश दिसत असतील तर पुढचं कुणी वाचत नाही.