चिप बनवणाऱ्या आणि सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्या एकमेकांच्या भागीदार आहेत की स्पर्धक?

दोन्ही आहेत. सर्व्हरचं झाकण उघडून बघा, पंख्यांची रांग, मेमरीच्या पट्ट्या आणि मधे हीटसिंकखाली प्रोसेसर. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो त्या सॉकेटमधे दुसऱ्या कंपनीची चिप बसतच नाही, अख्खा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) बदलावा लागतो, त्यामुळे सर्व्हरवाल्याने एकदा चिप निवडली की तो बराच काळ तिच्याशी बांधला जातो.

२००३ चंच घ्या ना. इंटेल तेव्हा मोठ्या सर्व्हरसाठी ६४ बिटचा (म्हणजे खूप जास्त मेमरी हाताळू शकणारा) इटॅनियम प्रोसेसर रेटत होती पण त्यावर जुने एक्स८६ प्रोग्राम, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या चिपसाठी लिहिलेले, फार हळू चालायचे, आणि नेमकं तेव्हाच तिची स्पर्धक एएमडीने ऑप्टेरॉन प्रोसेसर आणला, जुनं सॉफ्टवेअर आहे तसं चालतंय आणि वर ६४ बिटपण मिळतंय. आयबीएम, सन, एचपी या सर्व्हर कंपन्या, सगळ्यांनी तो घेतला, डेल मात्र २००६ पर्यंत इंटेललाच धरून होती. शेवटी इंटेललाही २००४ मधे तीच पद्धत आपल्या झिऑन या सर्व्हर चिपमधे आणावी लागली! माझ्या मते सर्व्हरवाल्यांची खरी ताकद हीच, हातात दुसरा पर्याय असणं, तो नसेल तर भाव चिपवालाच ठरवणार.

आता तर चित्र अजून बदललंय. एनव्हीडिया २०१६ पासून डीजीएक्स नावाने स्वतःचे तयार सर्व्हर विकते आणि डेल, सुपरमायक्रोलाही चिप देते, म्हणजे माल पुरवणाराच समोर उभा. दुसरीकडे अ‍ॅमेझॉनने २०१८ मधे आपल्या क्लाउडसाठी स्वतःची ग्रॅव्हिटॉन चिप आणली (आर्मवाली, म्हणजे एक्स८६ पेक्षा वेगळ्या रचनेची), तिथे तर इंटेल-एएमडीचं मोठं गिऱ्हाईकच स्वतः चिपवालं झालं.